खुर्चीत बसलेल्याला हसवणं

नमस्कार. पत्रिकेवर ‘आभासी वास्तव आणि विनोद’ असं भारदस्त काहीतरी छापलंय. मी मात्र एका गेमबद्दल बोलणार आहे, आणि तो खेळलेल्या माणसांच्या मतांबद्दल. पुढच्या रांगेतल्या काकामंडळींनी उठून जाऊ नये. ज्यांनी उभ्या आयुष्यात गेम हातात धरला नाही, त्यांना माझा मुद्दा लवकर कळेल अशी मला आशा आहे. शेवटी हा मुद्दा प्रेक्षकाचा आहे, आणि आपल्या सांगलीला प्रेक्षक व्हायचा सराव १८४३ पासून आहे.

गेमचं नाव ‘ट्रोव्हर सेव्ह्ज द युनिव्हर्स’. मे २०१९ च्या अखेरीस तो प्लेस्टेशनवर, म्हणजे सोनीच्या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर आला, जूनमध्ये पीसीवर. काढला स्क्वांच गेम्सनं. जस्टिन रॉयलंड आणि टान्या वॉटसन यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली ही अमेरिकेतली कंपनी. रॉयलंड मूळचा कार्टूनवाला, आवाज काढण्यात तरबेज. आता गोष्ट ऐका. तुम्ही एका अशा जमातीतले, जी जन्मभर खुर्चीतच बसून असते. तुमची दोन कुत्री ग्लोर्कॉन नावाच्या खलनायकानं पळवली आणि स्वतःच्या डोळ्यांच्या खोबणीत कोंबली. त्यातून आलेल्या ताकदीवर तो विश्व संपवायला निघालाय. तुमच्या मदतीला येतो ट्रोव्हर. जांभळा, तोंडाळ, आणि डोळ्यांच्या जागी त्यालाही दोन भोकं. तुम्ही खुर्चीतून हलायचं नाही; ट्रोव्हरला पळवायचं, उड्या मारायला लावायचं, त्याच्याकडून मारामाऱ्या करून घ्यायच्या. अशा उड्यांच्या खेळाला प्लॅटफॉर्मर म्हणतात. मारिओ सगळ्यांना माहीत आहे, तोच हा वंश.

तुमच्यातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडलेल्या मला इथून दिसतायत. हरकत नाही. खेळाडूंतही त्या आठ्या पुष्कळांच्या कपाळावर आहेत. गेम प्रौढांसाठीच आहे, शिव्या भरपूर, रक्तही मुबलक. नातवाला घेऊन द्यायचा विचार कुणी करत असाल तर आत्ताच सोडून द्या.

आधी खुर्चीचं बघू, कारण खरी गंमत तिथं आहे. हा गेम व्हीआरमध्ये, म्हणजे आभासी वास्तवात, खेळता येतो. त्यासाठीचा हेडसेट, म्हणजे आत पडदा असलेला जाड चष्मा, डोळ्यांवर चढवला की डोळ्यांना वाटतं आपण चाललोय, आणि कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते ती म्हणते, छे, हा तर बसलाय. दोघांचं जमत नाही आणि पोटात ढवळायला लागतं. आंबा घाटात एसटीत मोबाईल बघत बसणाऱ्याचं जे होतं तेच, फक्त उलट बाजूनं: तिथं कानाला वळणं कळतात आणि डोळे मोबाईलवर स्थिर असतात. म्हणून व्हीआर गेम करणाऱ्यांपुढचा पहिला प्रश्न असतो, खेळणाऱ्याला हलवायचं कसं? ट्रोव्हरवाल्यांनी सांगितलं, हलवायचंच नाही. ट्रोव्हर पुढच्या ठरलेल्या खुणेपाशी पोचला की तुमची खुर्ची झटक्यात तिथं जाते. मधला प्रवास नाही, त्यामुळं मळमळ नाही. आणि ही तांत्रिक अडचण लपवायच्या ऐवजी त्यांनी तिचीच थट्टा केली. खुर्चीवाली जमातच काढली. तुमच्या हातात कंट्रोलर आहे, तर गेममधल्या खुर्चीवाल्याच्या हातातही कंट्रोलर. भेटेल तो तुम्हाला खुर्चीवरून टोमणे मारतो.

तर असा गेम. आणि त्याच्याबद्दलची मतं ऐकली तर वाटतं, माणसं दोन वेगवेगळ्या गेमबद्दल बोलतायत. एक म्हणतो, हसून पोट दुखलं. दुसरा म्हणतो, डोकं उठलं, कधी एकदा गप्प बसतोय असं झालं. विनोदाच्या बाबतीत आपण अशा वेळी ‘आवड ज्याची त्याची’ म्हणून विषय संपवतो. मला ते पटत नाही. त्यात आवडीचा भाग आहे, नाही असं नाही. पण माझ्या मते जास्त मोठा भाग खेळणारा कसा खेळतो आणि कुठून बघतो याचा आहे.

विश्रामबागेत माझ्या एका मित्राकडं हेडसेट आहे, तिथं संध्याकाळी पोरं जमतात. त्यातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा, हात असा चालतो की बघत राहावं. त्यानं ट्रोव्हर लावला आणि सुसाट सुटला. पात्र तोंड उघडतंय तोवर हा पुढच्या फळीवर. वाक्य अर्धं तुटतंय, नवं सुरू होतंय, तेही तुटतंय. थोड्या वेळानं हेडसेट काढून म्हणाला, “लय बडबड करतंय राव, आणि एक धड जोक नाही.” बरोबर आहे त्याचं. त्यानं एकही जोक पूर्ण ऐकलाच नव्हता. मारिओवर वाढलेल्या मुलाला थांबणं म्हणजे वेळ घालवणं वाटतं, त्याच्या अंगठ्याला ती सवयच नाही. या गेममध्ये मात्र मेवा थांबणाऱ्याला मिळतो. तुम्ही नुसते उभे राहिलात, म्हणजे बसून राहिलात, तर समोरचं पात्र आधी काम सांगतं, मग वैतागतं, मग स्वतःचं रडगाणं सुरू करतं, मग ‘अजून इथंच का?’ म्हणून तुमच्यावर घसरतं. मिनिटंच्या मिनिटं चालतं हे. ज्यांना गेम आवडला ते बहुतेक या रेंगाळणाऱ्यांतले. अर्थात काही रेंगाळणारेही कंटाळतात, कारण काही ठिकाणी ते पाल्हाळ खरोखर भरकटतं. पात्रांच्या तोंडचं रॉयलंडचं पुष्कळसं बोलणं ऐनवेळी सुचेल तसं केलेलं आहे. सुचेल तसं बोलण्यात जशी मजा असते तसं अडखळणंही असतं, आणि त्यांनी अडखळणंही तसंच ठेवलंय.

इथं मला आपल्या विष्णुदास भाव्यांची आठवण येते, आणि सांगलीत आहे म्हणून ओढूनताणून आणत नाहीये. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांपुढं ‘सीता स्वयंवर’ झालं, ते आजच्यासारखं लिहिलेले संवाद पाठ करून झालं नव्हतं. सूत्रधार पदं म्हणायचा, आणि पात्रं प्रसंग बघून स्वतःच्या मनानं बोलायची. राक्षस ‘अललडुर्र’ करत आरोळ्या ठोकत यायचे; या नाटकांना लोक पुढं त्या आरोळीच्या नावानंच ओळखायला लागले. ग्लोर्कॉन ज्या थाटात येतो ते बघून भाव्यांचा प्रेक्षक अजिबात बिचकला नसता. विदूषक सूत्रधाराची फिरकी घ्यायचा. फरक एवढाच की तो नट समोरचा प्रेक्षक बघत होता. हशा आला तर थांबायचा, नाही आला तर विषय बदलायचा. ट्रोव्हर रेकॉर्ड केलेला आहे. त्याला तुमचा हशा ऐकू येत नाही. त्याला कळतं फक्त तुम्ही हललात का, कुठं गेलात, आणि मान डोलावलीत का. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर त्याला टायमिंग साधायचंय. म्हणून मी म्हणतो, ‘जोक पडला’ असं खेळाडू सांगतो तेव्हा बरेचदा तो स्वतःचा वेग सांगत असतो.

मान डोलावण्यावरून एक सांगतो. त्याच मित्राकडं हळदीचे एक व्यापारी आले होते, साठीचे गृहस्थ. गेममध्ये पात्रं प्रश्न विचारतात आणि तुम्ही मान हलवून हो किंवा नाही म्हणायचं. काका फार सभ्य. समोरच्या विचित्र प्राण्यानं काहीतरी विचारलं, काकांनी आपल्याकडची खास मान हलवली, ती खांद्याकडं थोडी कलती करून ‘बरं, बघू’ म्हणतो ना आपण, तशी. यंत्राला फक्त वर-खाली आणि डावी-उजवी कळते. त्यानं परत विचारलं. काकांनी परत मान कलती केली. तो प्राणी आपला ताटकळत उभा. शेवटी काका मोठ्यानं म्हणाले, “अहो, सांगितलं की बघू म्हणून!” आणि खोलीतली सगळी पोरं लोळायला लागली. काकांना गेम आवडला का, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, “भाषा काय समजली नाही, पण माणूस अगदी तोंडासमोर येऊन बोलतो हो.”

हे तोंडासमोर येणं म्हणजेच मतांमधली दुसरी मोठी फाळणी. हा गेम हेडसेटशिवाय साध्या टीव्हीवरही खेळता येतो. टीव्हीवर खेळलेल्यांची तक्रार असते की कॅमेरा जागचा हलत नाही, ट्रोव्हर लांब गेला की मुंगीएवढा दिसतो, उड्या चुकतात. तक्रार खरी आहे. हेडसेटवाल्यांना तोच कॅमेरा म्हणजे आपलं डोकं वाटतं, आणि लांब गेलेल्या ट्रोव्हरकडं ते वाकून बघतात. टोमण्यांचंही तसंच. टीव्हीतलं पात्र ‘ए खुर्चीवाल्या’ म्हणालं तर ते कुणाला तरी म्हणालं. हेडसेटमध्ये ते तुमच्या उंचीला मान वर करून तुमच्याकडं बघत म्हणतं.

तमाशा बघितलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. इथून जवळ कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, हवालदारांच्या वेशात उभे राहिले की पुढच्या रांगेत बसलेला सावध व्हायचा. सोंगाड्या कधी आपल्याकडं वळेल सांगता येत नाही. मागं झाडाखाली बसलेला मोकळेपणानं हसतो, पुढचा हसतो पण जरा सावरून. व्हीआरमध्ये मागची रांगच नाही. प्रत्येकाचं तिकीट पुढचं. काहींना तेच आवडतं, काहींना तेच झेपत नाही, आणि दोघांच्या मताला मी सारखाच मान देतो.

आता माझं स्वतःचं मत विचाराल तर, प्लॅटफॉर्मर म्हणून ट्रोव्हर बेताचा आहे. मारामाऱ्या त्याच त्या, कोडी सोपी, आणि ओंगळपणाचा डोस पहिल्या तासात मजा आणतो, चौथ्या तासात नुसता वास मारतो. विनोद बाजूला काढला तर फारसं काही उरत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘ॲस्ट्रो बॉट रेस्क्यू मिशन’. २०१८ चा, सोनीच्या जपान स्टुडिओतल्या आसोबी टीमचा, प्लेस्टेशन व्हीआरसाठी केलेला. यात बोलणं जवळजवळ नाहीच. छोटा पांढरा रोबो उड्या मारतोय आणि तुम्हीही त्याच जगात आहात, मोठा रोबो म्हणून. तो लांबून हात हलवतो. भिंतीआड काय आहे ते तुम्ही मान लांब करून बघायचं, काही गोष्टी डोक्यानं ढुशी मारून फोडायच्या, शत्रूनं तोंडावर चिकट काहीतरी फेकलं की समोरची काच बरबटते. खेळाडूंची मतं या गेमबद्दल आश्चर्य वाटावं इतकी एका बाजूची आहेत, कौतुकच कौतुक. मला कारण साधं वाटतं. इथं विनोद वाक्यात ठेवलेला नाही, तुमच्या मानेत ठेवलाय. तुम्ही ढुशी मारली त्याच क्षणी हसू येतं, त्यामुळं टायमिंग चुकायला जागाच नाही. सुसाट सुटणाऱ्यालाही ते मिळतं आणि रेंगाळणाऱ्यालाही. इंग्रजीचा अडसर नाही. माझ्या बहिणीनं हा गेम खेळताना खुर्चीवरून असं वाकून भिंतीमागं बघितलं की शेजारचा चहाचा कप गेला, आणि तिला शेवटपर्यंत पत्ता नाही.

मग ट्रोव्हर कशाला आठवायचा? कारण ॲस्ट्रो बॉटमध्ये चूक होण्याची भीती नाही, तसं चावरं बोलणंही नाही. ट्रोव्हरमध्ये एक माणूस तोंड घेऊन तुमच्यासमोर बसलाय आणि पडतोय, उठतोय, परत बोलतोय. तो पडताना बघायलाही मला आवडतं. यावर तुमच्यातले निम्मे सहमत होणार नाहीत.

आणखी एक मत कुठंच नोंदलं जात नाही, ते खोलीतल्या बाकीच्यांचं. हेडसेट लावलेला माणूस आतल्या पात्रांचा प्रेक्षक असतो, पण बाहेरच्यांसाठी तोच नट होतो. काकांच्या मानेला पोरं हसली, ट्रोव्हरला नाही. गेमबद्दल मत देताना लोक हे हसू गेमच्या खात्यावर जमा करतात. एकट्यानं खेळलेल्याचं मत म्हणूनच थंड निघतं. चौघांत खेळलेल्याचं गरम.

मघाशी मध्यंतरात एकानं विचारलं, असा गेम मराठीत करायचा तर पहिल्यांदा कोण लागेल, प्रोग्रॅमर की ग्राफिक्सवाला? मी म्हणेन सोंगाड्या. आपल्याकडं तमाशात, एकांकिकांत अशी तोंडं आहेत जी समोरून उत्तर आलं नाही तरी दहा मिनिटं तोल जाऊ न देता बोलतात. त्याला स्टुडिओत भिंतीकडं तोंड करून उभं करू नका. समोर खुर्चीत एक माणूस बसवा, त्याला बोलायची बंदी करा, आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. धावणाऱ्या खेळाडूसाठी एका दमात संपणारी वाक्यं वेगळी घ्या, बसून राहणाऱ्यासाठी लांबण वेगळी. आणि मान ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला हो आणि नाही यांच्या जोडीला तिसरी हालचाल पहिल्या दिवशीच शिकवा, ती खांद्याकडची. त्या ‘बघू’वर सोंगाड्याला जे सुचेल त्यासाठी निदान अर्ध्या तासाची फाईल मोकळी ठेवा.