डरकाळीचं चित्र

(पडदा काळा. फक्त आवाज.)

कोण असेल? वाघ? बैल?

(धुक्यात उभा शिंगाळा नर.)

हरीण आहे. रेड डिअर जातीचा नर, ऐन माजावर आलेला. आपण फार तर म्हणू, 'काय घोगरा आवाज आहे!' पण घोगरेपणा मोजायचा कसा? त्यासाठी आधी आवाजाचं चित्र काढावं लागतं.

(स्पेक्ट्रोग्राम सरकू लागतो.)

हा स्पेक्ट्रोग्राम. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर वारंवारिता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं. रंग गडद, तिथे आवाजाला जोर. सगळ्यात खालची रेघ मूळ वारंवारितेची. या हरणाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 100 वेळा उघडमीट करतात, ते इथे दिसतं. वरच्या समान अंतरावरच्या रेघा तिच्याच पटीतल्या. त्यांना हार्मोनिक म्हणतात.

आता हे रुंद पट्टे बघा. हे फॉर्मंट. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतच्या पोकळीत काही वारंवारिता घुमतात, बाकीच्या दबतात. पोकळी जितकी लांब, तितके पट्टे खाली आणि जवळजवळ.

(पट्टे वाकत खाली येतात.)

घसरले ना? ओरडता ओरडता या गड्यानं स्वरयंत्र खाली ओढलं, थेट छातीच्या हाडापर्यंत! फिच आणि रेबी या संशोधकांनी 2001 मध्ये हे दाखवून दिलं. गंमत म्हणजे, मूळ स्वर ऐकून नर केवढा आहे ते कळत नाही. ते फॉर्मंट सांगतात.

(रात्र. वटवाघळं.)

इथे तर आपला कानच निकामी. युरोपातलं पिपिस्ट्रेल वटवाघूळ बरीच वर्षं एकच जात समजलं जायचं. हाका मोजल्या, तर काहींचा जोर 45 किलोहर्ट्झच्या (सेकंदाला 45 हजार कंपनं) आसपास, काहींचा 55 च्या. 1990 च्या दशकात डीएनएनंही तेच सांगितलं: जाती दोन आहेत. सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने घेणारा साधा रेकॉर्डर त्याच्या निम्म्यापर्यंतच टिपतो, म्हणजे 22 किलोहर्ट्झच्या वर बहिरा, त्याला यातलं काहीच कळलं नसतं.

(पुन्हा हरीण. तीच डरकाळी, दोन चित्रं.)

आणि हे बघून घ्या. डावीकडे आडव्या रेघा, उजवीकडे उभ्या. आवाज तोच. संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा तपासतो, त्याला विंडो म्हणतात. ती लांब ठेवली की हार्मोनिक सुटे दिसतात. आखूड केली की स्वरतंतूंचा एकेक ठोका दिसतो. दोन्ही एकदम मिळत नाही. म्हणून निष्कर्ष लिहिताना आकड्यांसोबत विंडोची लांबीही नोंदवतात.