मिठाची बरणी आणि थायरॉइडचा कर्करोग

श्रोतेहो, नमस्कार.

थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान झालं की घरच्यांचा पहिला संशय मिठावर जातो. ‘आयोडीनच्या मिठानेच झालं असणार, उद्यापासून सैंधव आणू,’ असं ठरूनही जातं. कृपा करून एवढी घाई करू नका. आयोडीनचा आणि या कर्करोगाचा संबंध आहे, पण तो मुख्यतः कर्करोगाच्या प्रकाराशी आहे.

आयोडीन कमी पडलं की थायरॉइड पुरेसं संप्रेरक बनवू शकत नाही. मग मेंदूतळाची पीयूष ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, वाढवते आणि त्या सततच्या रेट्याने थायरॉइडच्या पेशी वाढत राहतात. गलगंड होतो तो यातूनच. आयोडीन कमी असलेल्या प्रदेशांत थायरॉइड कर्करोगाच्या फॉलिक्युलर प्रकाराचं प्रमाण तुलनेने जास्त दिसतं. हा रक्तावाटे हाडांत आणि फुप्फुसांत जातो. अतिशय आक्रमक असा अ‍ॅनाप्लास्टिक प्रकारही तिथे जास्त आढळतो. आयोडीन पुरेसं मिळू लागलं की पॅपिलरी प्रकाराचा वाटा वाढतो. तो बहुधा मानेतल्या लसीकाग्रंथींत पसरतो आणि उपचारांना चांगली दाद देतो. ऑस्ट्रियात १९६३ साली मिठात आयोडीन मिसळायला सुरुवात झाली, त्यानंतर तिथे नेमका हाच बदल दिसला. मेड्युलरी प्रकार मात्र वेगळ्याच, सी पेशींतून उगवतो. त्याचा आयोडीनशी संबंध नाही. तो काही कुटुंबांत आनुवंशिक असतो.

पॅपिलरीचे आकडे जगभर वाढले, त्यात सोनोग्राफीचा हात मोठा आहे. दक्षिण कोरियात सरसकट तपासणीमुळे रुग्णसंख्या कित्येक पटींनी वाढली, मृत्यू मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. त्याचं खापर मिठावर फोडणं चूक आहे.

आता हिशेब. प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणी २५०. घरी पोचलेल्या मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असायला हवं. एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मीठ धरलं, तर ७५ मायक्रोग्रॅम झाले. बाकीचं दूध, अंडी, सुरमई-बोंबलांतून येतं. म्हणून आयोडीनसाठी मीठ वाढवायचं नाही, फक्त ते जपायचं. जुलैच्या दमट हवेत शेगडीशेजारी उघडी ठेवलेली बरणी पाझरते आणि आयोडीन त्या ओलाव्याबरोबर जातं. घट्ट झाकण लावा, मीठ शिजवण्याच्या शेवटी घाला. मिठागरावरच्या खडे मिठात आणि बऱ्याच सैंधवात आयोडीन मिसळलेलं नसतं. पाकीट वाचून घ्या.

आयोडीन खरोखर तोडावं लागतं ते एका वेळी: पॅपिलरी किंवा फॉलिक्युलरच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीनचा डोस घ्यायचा असेल तेव्हा. उरलेल्या थायरॉइड पेशी आयोडीनला भुकेल्या असतील तरच तो डोस ओढून घेतात. म्हणून डॉक्टर सांगतील तसं, साधारण १ ते २ आठवडे, दिवसाला ५० मायक्रोग्रॅमच्या आत राहायचं. आयोडीनचं मीठ, समुद्री मासे, सुकट, अंड्याचा बलक आणि दुधाचे पदार्थ बंद. घरचा भात, भाकरी, डाळ, ताज्या भाज्या, फळं चालतात, त्यांत आयोडीन नसलेलं मीठ घालून. बहुतेक वेळा घोटाळा होतो तो बाहेरच्या वडापावाने, फरसाणाने, पापड-लोणच्याने, कारण त्यांतलं मीठ कोणतं हे कळत नाही. खोकल्याच्या लाल औषधांतला रंग, जखमेवरचं पोव्हिडोन आयोडीन आणि गेल्या २-३ महिन्यांत आयोडीन असलेला डाय देऊन काढलेलं सीटी स्कॅन, हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला. नुसत्या डायमुळेही डोस पुढे ढकलावा लागतो. मेड्युलरी असेल तर हा उपचार लागू पडत नाही, म्हणून रिपोर्टवरचा प्रकार आधी वाचा.

या दिवसांत घरात दोन बरण्या ठेवा आणि चिठ्ठ्या चिकटवा. रुग्णाची भाजी आधी वेगळी काढा, मग उरलेल्या भाजीत नेहमीचं मीठ घाला. घरात गरोदर सून किंवा लहान मूल असेल तर त्यांचं आयोडीनचं मीठ एक दिवसही बदलू नका. डोस घेऊन रुग्ण घरी आला की मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस या दोघांना त्याच्यापासून लांब ठेवा.