आधी गचांडी नीट धर

(पडदा काळा. जाड कापड मुठीत आवळल्याचा आवाज.)

हा आवाज गणवेशाच्या कॉलरचा आहे. जाड सुती कापड धुऊन धुऊन मऊ पडलंय आणि त्यात कोणाची तरी चार बोटं रुतलीत.

(दृश्य: मॅटवर दोघं समोरासमोर. मागे आणखी काही जोड्या.)

तिला केन्पो कराटेच्या या वर्गात येऊन दहा आठवडे झाले. कमरेला अजून नवशिक्यांचा पांढरा पट्टा आहे. समोरचा तिच्यापेक्षा वीतभर उंच आणि स्वभावानं फार भला, आणि घोटाळा तिथंच झालाय. त्यानं तिची कॉलर अशी धरलीय, की जणू सदऱ्याला चिकटलेला दोरा काढतोय.

"असं धरतात होय?" मॅडम जवळ येतात. "गचांडी धरायची तर नीट धर. मूठ वळ, कोपर वाकव आणि तिला तुझ्याकडे ओढ."

तो ओढतो. दहा आठवडे घोटलेलं सगळं जागच्या जागी राहतं आणि ती दोन पावलं पुढे फरफटत जाते.

कोणी हसत नाही. मॅडम तिची कॉलर सारखी करतात आणि म्हणतात, "आता शिकायला सुरुवात झाली. पुन्हा."

(दृश्य: भिंतीवरची दोन चिनी अक्षरं. कॅमेरा सावकाश जवळ.)

केन्पो कराटे. केन्पो हा शब्द जपानी, पण लिहिला जातो या दोन चिनी अक्षरांत. पहिलं अक्षर मुठीचं, दुसरं रीतीचं, नियमाचं. चिनी माणूस हीच अक्षरं 'छ्वानफा' अशी वाचतो. म्हणजे दोन देश तर नावातच आले. पण आज जगभर जे केन्पो कराटे शिकवलं जातं, त्यातलं बरंचसं घडलं ते हवाई बेटांवर. तिथल्या उसाच्या मळ्यांत राबायला जपानी, चिनी, कोरियन, फिलिपिनो, पोर्तुगीज अशी नाना देशांची माणसं आली होती. एकमेकांशेजारी राहिली, एकमेकांशी भांडली आणि एकमेकांची विद्याही शिकली.

जेम्स मितोसे यांचा जन्म हवाईतला, १९१६ सालचा. बालपण जपानात गेलं. परत आल्यावर १९४२ मध्ये त्यांनी होनोलुलूत स्वसंरक्षणाचा वर्ग काढला. त्यांनी सांगितलेली घराण्याची परंपरा नेमकी किती जुनी, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. त्यांच्या वर्गात विल्यम चाऊ आले. चाऊ अंगानं लहानखुरे, पण हात विलक्षण जड. रस्त्यावर गाठ पडली तर काय उपयोगी पडेल, याच्याशी त्यांना मतलब होता. आणि चाऊंच्या हाताखाली तयार झाला होनोलुलूतलाच एक तरुण, १९३१ मध्ये जन्मलेला एड पार्कर.

पार्कर शिकायला अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, युटा राज्यातल्या प्रोव्हो गावी गेले आणि १९५४ मध्ये तिथं शिकवूही लागले. १९५६ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथं स्वतःची शाळा काढली. एल्विस प्रेस्ली त्यांचा शिष्य. १९६४ मध्ये लाँग बीचला त्यांनी भरवलेल्या स्पर्धेत ब्रूस ली नावाच्या तरुणानं प्रात्यक्षिक दाखवलं आणि त्याच्याकडे अनेकांचं लक्ष गेलं. या गोष्टी पुष्कळदा सांगून झाल्यात. मला पार्कर मोठे वाटतात ते वेगळ्याच कारणानं. शिकवताना भाषा कशी असावी, याचा त्यांनी फार बारकाईनं विचार केला.

(दृश्य: विद्यार्थी रांगेत. प्रत्येक हालचालीबरोबर तिचं नाव ऐकू येतं.)

पार्कर म्हणत, हालचालींचीही एक भाषा असते. एक अडवणूक, एक ठोसा, एक लाथ ही अक्षरं. त्यांचे शब्द होतात, शब्दांची वाक्यं होतात. डाव म्हणजे असं एक वाक्य. आणि डावांची नावं त्यांनी ठेवली ती चित्रासारखी. तळहाताची कड म्हणजे तलवार. मुठीची खालची बाजू म्हणजे हातोडा. दंड आणि हात म्हणजे डहाळ्या. हल्लेखोराच्या हातातला सोटा म्हणजे वादळ, चाकू म्हणजे भाला. मागून कोणी हातांसकट कवळ घातली तर त्यावरचा डाव 'पकडलेल्या डहाळ्या'. सोटा अंगावर आला तर 'वादळ रोखणं'. नाव ऐकलं की अर्धा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो.

पाऊल कुठं टाकायचं हे सांगायला घड्याळ आहे. तू घड्याळाच्या मधोमध उभी आहेस. समोर बारा, पाठीमागे सहा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. "डावा पाय सहावर" एवढं म्हटलं की पुरे. लहान मुलालाही हे एका दिवसात कळतं.

(दृश्य: तीच जोडी. आता फक्त पायांवर कॅमेरा.)

आपण पाहत होतो तो डाव नवशिक्यांना अगदी सुरुवातीला शिकवतात. नाव 'डिलेड सोर्ड', म्हणजे मागाहून येणारी तलवार. समोरच्यानं उजव्या हातानं गचांडी धरली आहे. डावा पाय सहावर जातो. गुडघे वाकतात, वजन दोन्ही पायांवर सारखं राहतं, पुढच्या पायाची बोटं आणि मागच्या पायाची टाच एका रेषेत येते. या पवित्र्याला 'न्यूट्रल बो' म्हणतात. पाय मागे जात असतानाच उजवा हात बाहेरून आत येतो आणि समोरच्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर आदळतो. डावा हात पोटासमोर जागता राहतो, न जाणो त्याचा दुसरा हात आला तर.

मग उजवा पाय जरासा मागे सरकतो, हलका होतो आणि तीच लाथ होऊन त्याच्या जांघेत जाते.

इथं थांबा.

(दृश्य: तीच हालचाल, संथ गतीत.)

लाथ तिथं बसली की माणसाची कंबर आपोआप मागे जाते आणि डोकं पुढे येतं. त्याला तसं करायचं असो वा नसो. म्हणजे मघाशी उंचावर, हाताबाहेर असलेली मान आता तिच्या पुढ्यात आली. लाथेचा पाय पुढे टेकतो, सगळं वजन त्याच्याबरोबर पुढे येतं आणि हाताची कड मानेच्या बाजूवर पडते. तलवार मागाहून का, ते आता कळलं असेल. लाथेनं तिच्यासाठी जागा करून दिली.

वर्गात हे दोन्ही फटके अंगाला जेमतेम टेकतात. गळा आणि मान ही जीवघेणी ठिकाणं आहेत. कुठं थांबायचं हे ज्याच्या हाताला कळत नाही, त्याला मॅडम जोडीदार देत नाहीत. तो आधी पॅडवर मारतो, महिनोन्महिने.

(दृश्य: मॅडम दोघांच्या मधे उभ्या.)

आता केन्पोवरचा सगळ्यात जुना आक्षेप. आक्षेप खरा आहे आणि तो लपवून ही विद्या शिकवता येत नाही. प्रात्यक्षिकात एक जण एकच ठोसा मारतो आणि हात तसाच लांब ठेवून पुतळ्यासारखा उभा राहतो. दुसरा त्याच्यावर सात-आठ फटके झडझडून उतरवतो. टाळ्या पडतात. पण खरा माणूस पुतळा होत नाही. तो हात मागे घेतो, दुसऱ्या हातानं मारतो, ओढतो, ढकलतो, शिव्या देतो.

पार्करांच्या पद्धतीत याची सोय होती. डाव तीन टप्प्यांत शिकायचा. पहिल्या टप्प्यात सगळं ठरल्याप्रमाणे होतं. दुसरा टप्पा 'असं झालं तर?' हा. तो वाकलाच नाही तर? त्यानं लाथ अडवली तर? तिसऱ्या टप्प्यात शिकणाऱ्यानं जागच्या जागी आपलं उत्तर जुळवायचं. त्यासाठी डावाच्या आधी काही जोडता येतं, नंतर जोडता येतं, मधे घालता येतं, क्रम फिरवता येतो, वगळता येतं. वाक्याशी आपण हेच करतो. कित्येक वर्ग मात्र पहिल्याच टप्प्यावर वर्षानुवर्षं रमतात, कारण तो दिसायला देखणा आहे. माझ्या मते हा विद्यार्थ्यांचा विश्वासघात आहे. पाठ केलेली वाक्यं म्हणता आली म्हणजे बोलता येतं, असं आपण कोणाला सांगू का?

म्हणून मॅडम निम्मा वेळ हल्ला करायला शिकवतात.

"ढकल." तो ढकलतो. तिचा पाय सहावर जातो, डाव सहज जमतो, कारण धक्काच तिला मागे नेत असतो.

"आता ओढ." ती पुन्हा फरफटते.

"तुझं डोकं अजून मागे जायचंच म्हणतंय," मॅडम म्हणतात. "तो सत्तर-ऐंशी किलोचा माणूस तुला पुढे ओढतोय आणि तू त्याच्याशी रस्सीखेच खेळतेयस. त्याला ओढायचंय ना? मग जा. त्याच्या जोरावर जा, पण तुझी कोपर घेऊन जा."

तिसऱ्यांदा तो ओढतो. या वेळी ती जाते. पाय बारावर पडतो आणि कोपर त्याच्या छातीशी येऊन थांबते. त्याचे डोळे विस्फारलेत. तिचेही.

(दृश्य: तिचा चेहरा. श्वास.)

हे शांत, उजेडाच्या खोलीत झालं, मऊ मॅटवर, ओळखीच्या माणसाबरोबर. भीतीच्या वेळी शरीर निराळंच वागतं. श्वास छातीत अडकतो, हात थरथरतात, नजर समोरच्या एका ठिपक्यावर खिळते, आजूबाजूचे आवाज विरतात. बोटांची नाजूक कामं जमत नाहीत. मनगट अमुक कोनात वळवून अंगठा तमुक जागी दाबायचा असले प्रकार तेव्हा सुचतही नाहीत. टिकतात त्या मोठ्या, ढोबळ हालचाली. पाय मागे, कोपर पुढे, तळहात वर. आणि आवाज.

(दृश्य: पूर्ण वर्ग. सगळे हात छातीसमोर, तळवे उघडे.)

"थांब! मागे हो!"

आवाजाचा सराव अनेकांना ठोशापेक्षा अवघड जातो. पहिल्या दिवशी ती हे वाक्य इतकं हळू म्हणाली होती की मागच्या रांगेला ऐकूही गेलं नाही. ओरडताना श्वास सुटतो आणि अडकलेलं शरीर मोकळं होतं. आसपासची माणसं वळून बघतात. कित्येकदा प्रकरण तिथंच मिटतं. उघडे तळवे समोर धरले की भांडायचं नाही हे दिसतं आणि हात मात्र योग्य जागी तयार असतात.

स्वसंरक्षण शिकून काही फरक पडतो का, असा प्रश्न नेहमी येतो. कॅनडातल्या ३ विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींबरोबर याची नीट तपासणी झाली. तो वर्ग केन्पोचा नव्हता. १२ तासांचा अभ्यासक्रम होता. धोका लवकर ओळखणं, ओळखीच्या माणसाला ठाम नकार देणं आणि अंगानं प्रतिकार करणं हे त्यात होतं. निकाल २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. पुढच्या वर्षभरात बलात्कार सोसावा लागलेल्यांचं प्रमाण, ज्यांना नुसती माहितीपत्रकं मिळाली त्यांच्यात ९.८ टक्के होतं. अभ्यासक्रमातल्या मुलींमध्ये ते ५.२ टक्के होतं.

त्यातला 'ओळखीच्या माणसाला' हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी गुंडाची तयारी सगळेच करतात. ज्याच्याशी आपण चहा घेतला, ज्याला दुखवणं जिवावर येतं, त्याचा हात झटकायला मन आधी तयार व्हावं लागतं. तिचा जोडीदार हळू धरत होता तो भलेपणानं. तीही हळू झटकत होती, भिडेखातर. भीड मोडायलाही सराव लागतो. आणि प्रतिकार जमला नाही, शरीर जागीच थिजलं, तर त्यात तिचा काडीचाही दोष नाही. दोष हात टाकणाऱ्याचा. हे मॅडम प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच तासाला सांगतात आणि पुढेही सांगत राहतात.

(दृश्य: दोघं पुन्हा समोरासमोर. आता कोणी बोलत नाही.)

केन्पोच्या डावाचा शेवट फटक्यावर होत नाही. शेवटी सावधपणे दूर सरकायचं असतं, त्याला 'कव्हर आउट' म्हणतात. एक पाय दुसऱ्यापुढून तिरपा मागे जातो, दुसरा पाय अंतर वाढवतो, नजर मात्र त्याच्यावरच राहते. हात वर. मग डावीकडे, उजवीकडे, पाठीमागे बघायचं. त्याचा कोणी साथीदार आहे का? दार कुठं आहे? पडलेल्या माणसाला आणखी मारत बसायचं नाही. धोका टळला की हात थांबले पाहिजेत, आणि पाय निघाले पाहिजेत. घाईच्या दिवशी विद्यार्थी हाच भाग गाळतात आणि मॅडम पूर्ण डाव पुन्हा करायला लावतात.

तो धरतो. आता नीट धरतो, कापड चुरगळतं. ओढेल की ढकलेल, हे तिला सांगितलेलं नाही.

त्यानं ढकललंय. पाय सहावर, हात मनगटावर, लाथ, पाऊल, तलवार. कड मानेजवळ थांबते. आणि ती तिरपी मागे सरकते, एक पाऊल, दोन पावलं. नजर डावीकडे, उजवीकडे, दाराकडे.

ती परत येते. दोघं उजवी मूठ डाव्या तळहातानं झाकून एकमेकांना नमस्कार करतात.

मग ती पुढे होते आणि त्याची कॉलर धरते. हळूच.

"अगं," तो म्हणतो, "नीट धर."

(कापड आवळल्याचा आवाज. पडदा काळा.)