मधला अर्धा तास

(दृश्य : सकाळ. ठाणे स्थानकाचा पूल, उतरणारी गर्दी. मागे गाड्यांच्या घोषणा.)

याच शहरात 1848 साली नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म झाला. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक, मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. रविवारची सुट्टी त्यांनी मिळवून दिली, हे अनेकांना ठाऊक असतं. पण सप्टेंबर 1884 मध्ये परळच्या सभेत जो मागण्यांचा अर्ज ठरला, त्यात रविवारच्या जोडीला आणखी एक मागणी होती. दुपारी अर्धा तास सुट्टी द्या. 5,500 हून जास्त कामगारांनी त्या अर्जाला पाठिंबा दिला.

गिरणीत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. उजाडल्यापासून अंधारेपर्यंत काम. त्या दिवसातून ही माणसं मागत काय होती, तर भाकरी सोडायला, पाणी प्यायला आणि भिंतीला पाठ टेकायला पुरेल एवढा वेळ. तेवढ्यासाठी सभा घ्याव्या लागल्या, अर्ज करावे लागले. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. दुपारचा अर्धा तास 1891 च्या फॅक्टरी कायद्यात आला : 12 ते 2 च्या दरम्यान काम अर्धा तास थांबलं पाहिजे.

आज डबा उघडताना हे कुणाच्या मनात येत नाही. यायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य : वागळे इस्टेट. शिफ्ट सुटते आहे. गेटबाहेर चहाची टपरी, कटिंगचे ग्लास.)

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात 1 ऑगस्ट 1962 रोजी इथे, वागळे इस्टेटमध्ये झाली. इथल्या कारखान्यांच्या भिंतींवर जो कायदा लागलेला असायचा, तो 1948 चा कारखाने अधिनियम. त्याच्या 55 व्या कलमानं सांगितलं होतं की सलग 5 तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी. 44 वं कलम तर आम्हाला फारच माणुसकीचं वाटतं. ज्यांचं काम उभ्यानं चालतं, त्यांना मध्ये संधी मिळेल तेव्हा बसता यावं, म्हणून बसायची सोय ठेवा, असं ते सांगत होतं.

कायद्यानं 5 तासांची कमाल मर्यादा घातली. शरीराला मात्र त्याच्या खूप आधी थांबायचं असतं.

(दृश्य : पहाट. तुर्भे, कांदा-बटाटा बाजार. ट्रक, गोण्या, टोळीचे आवाज.)

इथे माथाडी कामगार 50-50 किलोची गोणी पाठीवर घेऊन ट्रक आणि गाळा यांच्यामध्ये फेऱ्या मारतात. स्नायू आवळलेला असतो तेव्हा त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्त कमी पोचतं, आणि कामाचा कचरा तिथेच साठतो. भार उतरला की रक्त पुन्हा वाहतं, स्नायू मोकळा होतो. जड कामाचा थकवा सरळ रेषेत वाढत नाही. सुरुवातीला हळू चढतो, मग झपाट्यानं. आणि जितका जास्त चढला, तितका उतरायला कितीतरी जास्त वेळ घेतो. म्हणून अंग मोडून आल्यावर तासभर पडून राहण्यापेक्षा, अंग मोडायच्या आधी चार-पाच वेळा दम खाल्लेला चांगला. टोळीतली जुनी माणसं दोन ट्रकांच्या मध्ये गोणीवर बसतात, पाणी पितात, खांदे सैल सोडतात. त्यांना कुणी शास्त्र शिकवलेलं नाही, पण ते करतात ते शास्त्राला धरून आहे.

त्यात आपली ही खाडीकाठची हवा. ऑक्टोबरात, मे महिन्यात घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं. दमट हवेत सावलीत घालवलेली 10 मिनिटं हा कामचुकारपणा नव्हे. तापलेलं शरीर तेवढ्यानं सावरतं.

(दृश्य : ऐरोली. काचेच्या इमारती. आत स्क्रीनचा निळसर उजेड.)

ठाणे-बेलापूर रस्त्यावर जिथे रासायनिक कारखाने होते, तिथल्या बऱ्याच जागांवर आता ही कार्यालयं आहेत. इथे ओझं दिसत नाही, त्यामुळे थकवाही मानला जात नाही. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो. डोळ्यांवरचा ओलावा वाळतो, डोळे चुरचुरतात. जवळचं पाहण्यासाठी डोळ्यातला बारीक स्नायू तासन् तास आवळलेला राहतो. नेत्रतज्ज्ञ सांगतात ते अगदी सोपं आहे : दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहा. खिडकीतून पलीकडच्या पारसिक डोंगराकडे पाहिलं तरी झालं.

पायांचंही तसंच. पोटरीचे स्नायू हलले की ते पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. बसून राहिलं की हा पंप बंद. पाण्याची बाटली भरायला उठणं एवढंही त्याला पुरतं.

आणि मेंदू? 2021 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी 33 जणांना डाव्या हातानं 41324 हे आकडे टाइप करायला सांगितले. 10 सेकंद टाइप करा, 10 सेकंद थांबा. मेंदूची नोंद घेतली तेव्हा दिसलं की त्या थांबलेल्या 10 सेकंदांत मेंदू तीच हालचाल सुमारे 20 पट वेगानं पुन्हा पुन्हा चालवून बघत होता. हात स्वस्थ होते, शिकणं सुरूच होतं. दहावी-बारावीच्या मुलांना ‘उठू नकोस, पुस्तक सोडू नकोस’ म्हणणाऱ्या आई-बाबांनी हे जरूर ऐकावं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. छोट्या विश्रांतीनं काम दुप्पट होतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. 2022 मध्ये रुमेनियातल्या संशोधकांनी 22 प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. 10 मिनिटांपर्यंतच्या विश्रांतीनं तरतरी वाढते, थकवा कमी होतो, हे स्पष्ट दिसलं. पण डोक्याला फार ताण देणाऱ्या कामाची गुणवत्ता तेवढ्यानं सुधारतेच असं दिसलं नाही, त्याला आणखी मोठी विश्रांती लागत असावी. आम्हाला विचाराल तर एवढंही भरपूर आहे. संध्याकाळी घरी पोचलेल्या माणसात मुलांशी बोलायचं त्राण उरावं, हा फायदा कुठल्याही अहवालात मोजला नाही तरी खराच आहे.

पण त्या 10 मिनिटांत फोन उघडला, तर डोळ्यांचा तो स्नायू पुन्हा आवळलेलाच, मान वाकलेलीच, आणि डोक्यात नवीन दहा विषय.

(दृश्य : दुपार. ठाण्यातलं एक घर. ओट्यावर झाकलेली भांडी, पंख्याचा आवाज.)

जेवणानंतरची वामकुक्षी आपल्याकडे फार जुनी. दुपारी 1 ते 3 च्या सुमारास शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो. जेवलो नाही तरी पेंग येते. नासानं लांबच्या उड्डाणांवरच्या वैमानिकांना पाळीपाळीनं 40 मिनिटं दिली होती. त्यात ते सरासरी 26 मिनिटं झोपले आणि पुढे जास्त सावध राहिले. त्याहून फार लांबलं की गाढ झोप लागते, आणि उठल्यावर डोकं जड होतं.

घरात मात्र ही वामकुक्षी कुणाच्या वाट्याला येते? घरातली बाई जरा आडवी झाली की दाराची बेल, कुरिअर, कुकरची शिट्टी, सासऱ्यांचा चहा. तिच्यासाठी कुठलं 55 वं कलम नाही. घरातल्यांनी ठरवून अर्धा तास दार आणि फोन आपल्याकडे घेतला, तरच तिला तो मिळतो.

(दृश्य : गोखले रोड. साड्यांची, कपड्यांची दुकानं. काउंटरमागे उभ्या मुली.)

दुकानांसाठी महाराष्ट्राचा 2017 चा कायदा आहे. त्यातही सलग काही तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती आहे. पण तोपर्यंत बसायचं कुठे? केरळनं 2018 मध्ये आणि तामिळनाडूनं 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्यानं बंधनकारक केलं. गिऱ्हाईक नसताना स्टुलावर टेकलेली मुलगी आळशी दिसते, असं मालकांना वाटतं. संध्याकाळी तिच्या पोटऱ्या किती भरून येतात, हे एकदा तिलाच विचारावं.

(दृश्य : माजिवडा, उड्डाणपुलाखाली. दुचाक्या, पाठीवर चौकोनी पिशव्या.)

घरपोच ऑर्डर पोचवणारे हे रायडर विश्रांतीच्या या हिशेबात येतच नाहीत. कंपन्या त्यांना कामगार म्हणत नाहीत, भागीदार म्हणतात. पुढची ऑर्डर येईपर्यंत ते गाडीच्या सीटवरच आडवे होतात. चेन्नईच्या महापालिकेनं 2025 मध्ये अशा कामगारांसाठी रस्त्याकडेला वातानुकूलित विश्रांतीकक्ष उघडला. आपल्याकडे माजिवडा, कापूरबावडी, तीन हात नाका, तिकडे वाशी स्टेशनचा परिसर, इथे हे रायडर आजही थांबतातच. तिथे सावली, चार बाकं, पिण्याचं पाणी, फोन चार्ज करायची सोय आणि स्वच्छतागृह हवं. त्यातही स्वच्छतागृह आधी, कारण या कामात आता मुलीही आहेत, आणि त्यातल्या कित्येक जणी दिवसभर पाणी पिणंच टाळतात.