दसऱ्यानंतरचा हजेरीपट

नमस्कार मंडळी.

मघाशी परदेशातल्या आपल्या या मराठी शाळेची मुलं कविता म्हणत होती, तेव्हा मी मागे उभ्या असलेल्या त्यांच्या शिक्षकांकडे पाहत होतो. आठवडाभर नोकरी करायची आणि सुट्टीच्या सकाळी, एक पैसा न घेता, दुसऱ्यांच्या लेकरांना जोडाक्षरं शिकवायची. मी सध्या ज्यांच्यावर माहितीपट करतोय ती माणसं तुमच्याच जातकुळीची आहेत, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं भाड्याच्या बोलेरोतून एकवीस दिवस मराठवाड्यात फिरलो, वैजापूरपासून किल्लारीपर्यंत. कॅथलिक मिशनच्या शाळा आणि बोर्डिंग पाहायचे, तिथं पगाराशिवाय शिकवणाऱ्यांना भेटायचं, एवढंच ठरलं होतं. माझं बालपण जालन्यात गेलं. तरी मिशनची शाळा म्हटलं की शहरातली इंग्रजी माध्यमाची, उंच कुंपणाची इमारत, एवढंच चित्र माझ्या डोक्यात होतं. गावाकडच्या मिशन शाळेत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

सुरुवात वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावातून केली. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश, १९७७ साली झाला, पण मिशनचं इथलं काम त्याच्या कितीतरी आधीचं, १८९० च्या दशकातलं. संत फ्रान्सिस द सेल्सच्या नावाने १८३८ साली सॅव्हॉयमध्ये सुरू झालेल्या संघाचे फादर इथं आले तेव्हा मुलूख निजामाचा होता. पुढे त्या राज्यात सरकारी शिक्षण उर्दूतून चाले. अशा काळात वेशीबाहेरच्या, महार-मांग वस्तीतल्या लेकरांना मराठी अक्षरं शिकवायला कोण येणार? तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी आपल्या आज्याची आठवण सांगितली. आजा गावोगाव पायी जायचा, आठवडाभर मुळाक्षरं गिरवून घ्यायचा आणि रविवारी प्रार्थना सांगायचा. लोक त्याला नुसतं ‘मास्तर’ म्हणायचे. बाबांच्या तोंडी तो शब्द आला की ते आपसूक ताठ बसायचे.

पण माझा चित्रपट खरा सुरू झाला तो शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडल्यावर, बीड जिल्ह्यात.

दसरा झाला की तिथं काय होतं, हे तुमच्यापैकी मराठवाड्यातल्यांना सांगायला नको. मुकादमाची, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराची, आगाऊ उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते जमवून टोळी होते आणि ट्रक भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. गावात उरतात म्हातारी माणसं. शाळेच्या पटावर नाव राहतं, लेकरू मात्र फडावर, तोडणीच्या उसात असतं. सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, काही कारखान्यांवर या लेकरांसाठी साखरशाळाही चालतात, पण सगळ्या लेकरांना त्या पुरत नाहीत.

आम्ही थांबलो त्या बोर्डिंगचं नाव सांगत नाही, सिस्टरांनीच तशी विनंती केली होती. तिथल्या स्वयंसेवक ताई चोवीस वर्षांच्या, स्वतः ऊसतोड कामगाराची मुलगी, याच बोर्डिंगमध्ये शिकलेल्या. डी.एड. झालंय, नोकरी नाही. राहणं आणि जेवण तेवढं मिळतं. दिवसा पाचवी-सहावीचं गणित घेतात.

गणिताचे तास आम्ही चित्रित केले. पण ताईंचं मोठं काम रविवारी संध्याकाळी असतं, हे चौथ्या दिवशी कळलं. त्यांच्याकडे एक वही आहे. प्रत्येक मुलीच्या नावापुढे कारखान्याचं नाव, मुकादमाचा नंबर आणि आई-बाप सध्या कोणत्या गावाच्या शिवारात आहेत ते. टोळी हलली की जुनं गाव खोडून नवं लिहायचं. सहा वाजता मुली ओसरीवर ओळीत बसतात. एकच फोन, प्रत्येकीला तीन मिनिटं. ज्या मुलीचा फोन लागला नाही तिला ताई ओळीच्या शेवटी पुन्हा बसवतात, तेव्हाही नाही लागला तर रात्री स्वतःजवळ झोपवतात. मी कॅमेरा लावायची परवानगी मागितली. ताई म्हणाल्या, “सर, वहीचा फोटो घ्या. लेकरू मायसंग बोलत असताना नको.”

म्हणून आमच्याकडे वहीची चाळीस मिनिटं आहेत आणि फोनचं एक सेकंदही नाही.

धर्मांतराचा प्रश्न इथं मला अनेकांनी विचारला आहे. तो टाळायचा नाही. त्या बोर्डिंगमध्ये ख्रिस्ती घरच्या मुली मोजून पाच होत्या. मुलीला सोडायला आलेल्या एका बापाला मी थेट विचारलं, “तिला ख्रिस्ती करतील अशी भीती नाही वाटत?” तो म्हणाला, “भ्या वाटतंय ते पोरीला कोपीवर एकटं ठिवायचं. कोपीला दार नसतंय, सायेब.” कोपी म्हणजे तोडणीवाल्यांची तात्पुरती झोपडी. फडावर वयात आलेल्या मुलीची काळजी वाटते म्हणूनच तिथं कित्येकींची लग्नं अठराच्या आत लागतात. पुढच्या प्रश्नाला माझं तोंड उघडेना.

शेवटचा मुक्काम किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची ती पहाट, गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपलेली. जवळपास दहा हजार जीव गेले. तिथं रविवारी फुकट इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई भेटल्या. भूकंपाच्या वेळी त्या दुसरीत होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांना शिकवायला लांबून एक तरुण आला होता, तीन महिन्यांनी परत गेला. “सगळे मदत देऊन जात होते, त्याचं काही वाटलं नाही. सर गेले तेव्हा मी भूकंपानंतर पहिल्यांदा रडले,” बाई म्हणाल्या. त्या स्वतः गेली अकरा वर्षं तिथंच आहेत.

परतताना पुन्हा बीडच्या बोर्डिंगवर थांबलो. आमच्या मंडळाकडून काय पाठवू, असं ताईंना विचारलं. माझ्या मनात लॅपटॉप होते, प्रोजेक्टर होता. त्यांनी थोडा विचार केला. “गणिताचं एक माणूस पाठवा. दसऱ्याला आलेलं, अन् पट्टा पडेस्तोवर राहणारं.” पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. मार्च-एप्रिल म्हणा.

तुमच्यात निवृत्त झालेले इंजिनिअर आहेत, बँकेतली माणसं आहेत, दरवर्षी हिवाळ्यात भारतात जाणारे आहेत. ऑनलाइन तास घेऊ का, असं काहींनी मघाशी विचारलं. माझं उत्तर नाही असं आहे; तिथं राहणारं माणूस हवंय. खोली आहे, भाकरी-पिठलं आहे, पाणी मात्र जपून वापरावं लागतं.

ज्यांना जायचंय त्यांनी आपल्या सचिवांकडून नंबर घ्या आणि ताईंशी बोला. फक्त तिकडच्या रविवारी संध्याकाळी सहा ते आठ फोन करू नका. त्या वेळी तो फोन मुलींचा असतो.