टक्के कशाचे, माणसं कोणती?

उन्हाळ्यात आपल्याकडे बातमी येते, ‘उजनी शून्याखाली’. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, सोलापूरचं धरण कोरडं पडलं. हिशेब असा आहे: उजनीचा मृतसाठा, म्हणजे टक्क्यांत न धरलेलं तळाचं पाणी, सुमारे ६३ टीएमसी (अब्ज घनफूट), उपयुक्त साठा सुमारे ५३. टक्के सांगतात ते फक्त या ५३ चे. म्हणजे शून्य टक्क्यांच्या दिवशीही धरणात ६३ टीएमसी पाणी असतं. तेच पाणी दुबार पंपिंग करून, म्हणजे दोनदा उपसून, आपल्या सोलापूरकरांच्या नळाला येतं.

आता समजा साठा ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला. ‘आठवड्यात साठा दुप्पट’ असा मथळा कुणी दिला, तर तो खोटा नाही. पण धरणातलं एकूण पाणी तेवढ्यात जेमतेम ४ टक्क्यांनी वाढलेलं असतं. म्हणून टक्का दिसला की आधी विचारा, कशाचा टक्का?

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माणसं कोणती मोजली?

समजा, विडी कामगार बायकांच्या तब्येतीची पाहणी करायची आहे. सोपा मार्ग कोणता? सकाळी कारखान्यावर जायचं. बायका घरी वळलेल्या विड्या घेऊन रांगेत उभ्या असतात, माल तपासला जातो, छाट म्हणजे नापास विड्या बाजूला काढल्या जातात, दर हजार विड्यांमागे हिशेब होतो. त्या रांगेत शंभर जणींना विचारलं, खोकला आहे का, पाठ दुखते का? बऱ्याच जणी म्हणाल्या, चालतंय. निष्कर्ष निघाला, तब्येती ठीक आहेत. पण जिचा दम इतका वाढलाय की सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसताच येत नाही, ती या रांगेत कशी असेल? आजारानेच तिला रांगेतून बाहेर काढलंय. पाहणीत खोटं कुणीच बोललं नाही, तरी उत्तर चुकलं. मग शंभरऐवजी दहा हजार जणींना विचारू, असं कुणी सुचवेल. रांग तीच असेल तर चूकही तीच राहते. उलट मोठा आकडा बघून लोकांचा विश्वास तेवढा वाढतो. मोबाईलवर लिंक पाठवून घेतलेल्या ‘शहराचा कौल’वाल्या पाहण्यांचंही हेच.

शेतकरी मंडळींना पीक कापणी प्रयोग माहीत आहे. छोटा तुकडा आखायचा, कापायचा, त्यावरून हेक्टरी उत्पन्न काढायचं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मोठे संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी १९४६ साली दाखवून दिलं, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं. कारण दोरीच्या कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, इथे हात नकळत आतच ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने कड जास्त. आणि चूक नेहमी एकाच बाजूला झुकत असल्यामुळे असे शेकडो तुकडे कापले, तरी सरासरी सुधारत नाही. सुखात्म्यांचं हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यांनी चूक शोधली ती थेट बांधावर, मोजणाऱ्याच्या हाताजवळ.

विड्यांच्या पाहणीतही तसंच करता येईल. आजची रांग सोडा. कारखान्याचं दहा वर्षांपूर्वीचं हजेरीपुस्तक मिळवा, त्यातून चिठ्ठ्या टाकून नावं काढा आणि त्या बायका आज जिथे राहतात तिथे जा, विडी घरकुल या कामगार वसाहतीत, शहराच्या पूर्व भागात, माहेरी परत गेली असेल तर तिथेही. काम सोडलेली भेटली, तर का सोडलं ते विचारा. जी हयात नाही, तिचीही नोंद त्याच कागदावर करा.