गरोदरपणातील रक्तातील चरबी आणि वाढता रक्तदाब

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत काढलेले रक्त नेहमीच्या निकषांवर तपासले, तर अहवाल पाहून कोणीही धास्तावेल, कारण तोवर ट्रायग्लिसराइड या रक्तातील चरबीची पातळी पूर्वीच्या दुपटी-तिपटीवर गेलेली असते आणि कोलेस्टेरॉलही बरेच वाढलेले असते. हा आजार नव्हे. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने यकृत अधिक ट्रायग्लिसराइड रक्तात सोडते आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावल्याने शरीरात साठलेली चरबीही वापरात येते. आई आपली गरज त्यावर भागवते आणि ग्लुकोज बाळासाठी राखले जाते.

पूर्वगर्भाक्षेप, म्हणजेच प्रीएक्लॅम्प्सिया, झालेल्या स्त्रियांमध्ये मात्र ट्रायग्लिसराइड बहुधा या स्वाभाविक वाढीच्याही पुढे गेलेले आढळते. या विकारात 20 आठवड्यांनंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर जातो आणि सोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागतात किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांना इजा पोहोचू लागते.

याचे मूळ बऱ्याचदा वार, म्हणजे बाळाला पोषण पुरवणारा अवयव (प्लासेंटा), गर्भाशयात जिथे रुजते तिथे सापडते. तिथल्या नागमोडी धमन्या एरवी रुंद आणि सैल होतात. या विकारात त्यातल्या अनेक अरुंदच राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली काहींच्या भिंतींत चरबीने गच्च भरलेल्या, फेसाळ पेशी दिसतात. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ आर्थर हर्टिग यांनी 1945 मध्ये या बदलाचे वर्णन केले होते. हृदयाच्या धमन्यांत वर्षानुवर्षे साचणाऱ्या थरांतही अशाच पेशी असतात. इथे त्या अवघ्या काही महिन्यांत तयार होतात, ही बाब विशेष गंभीर वाटते.

तरीही सारा दोष चरबीवर, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या स्त्रीच्या खाण्यावर, ढकलणे अन्यायाचे आहे. रक्तपुरवठा अपुरा पडलेल्या वारेतूनच असे घटक आईच्या रक्तात उतरतात, की ज्यांमुळे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते, त्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो.

म्हणून प्रत्येक भेटीत रक्तदाब नीट मोजला गेला पाहिजे: पाच मिनिटे शांत बसल्यानंतर, पाठीला आधार देऊन, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून आणि दंडाच्या मापाचा पट्टा वापरून. धोका अधिक असल्यास डॉक्टर साधारण 12 ते 16 आठवड्यांच्या दरम्यान कमी मात्रेतील ॲस्पिरिन सुरू करतात. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा बरगड्यांखाली दुखणे सुरू झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. बाळंतपणानंतरही या स्त्रियांना पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, त्यामुळे त्यांचा रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांची तपासणी पुढेही नियमित व्हायला हवी.